अमरेशचं बाळसं

रत्नव्वाला जगात कशाचं भ्या वाटत असेल तर ते माणसांच्या नजरेचं. साप निघाला तर काठी घेऊन ही पुढं. डेअरीच्या चेअरमनला भर चौकात सुनवायलाही मागंपुढं बघायची नाही. पण दीड वर्षाच्या नातवाकडं कुणी टक लावून बघितलं की हिच्या छातीत धडधड सुरू. लगेच पदर पोराच्या तोंडावर. "काय बघतीस गं? पोर न्हाय बघितलं व्हय कवा?" समोरची बाई बिचारी वरमून वाटंला लागायची.

नातवाचं नाव अमरेश. रत्नव्वाचा मुलगा शिवकुमार कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला. पाळी करून यायचा, जेवायचा आणि आडवा व्हायचा. सून सुष्मिता दुसऱ्यांदा गरोदर होती आणि बाळंतपणाला माहेरी, चिक्कोडीकडं गेली होती. पोटुशा बाईचं दूध अंगावरच्या पोराला बाधतं, अशी रत्नव्वाची पक्की समजूत. तिला ते तिच्या सासूनं सांगितलेलं, सासूला तिच्या सासूनं. म्हणून सुनेला दिवस गेल्याचं कळल्याबरोबर तिनं अमरेशचं अंगावरचं दूध तोडलं. सुष्मितानं एकदा तोंड उघडून बघितलं. "अत्ती, थोडं दिवस पाजते की अजून." सासूला अत्ती म्हणायची त्या घराची पद्धत, सीमेवरच्या गावात कन्नड काय नि मराठी काय, एकाच ताटात जेवतात. अत्तीनं नुसतं वळून बघितलं आणि विषय मिटला.

माहेरी जाताना सुनेनं पोराला न्यायचा हट्ट धरला, तर तेही नाही. "आईचा वास आला की परत छातीला झोंबंल. ऱ्हाऊ दे माझ्यापाशी. मी काय त्याला उपाशी ठेवणार हाय?"

आता हे काय ती खोटं बोलत नव्हती. जीव की प्राण होता तो तिचा. पण दूध तुटलं आणि पोराला हगवण लागली. दात येत्यात, म्हणाली, आणि म्हशीचं दूध जड म्हणून बंद केलं. गोठ्यात दोन दुभत्या म्हशी, किटली भरून दूध दोन्ही वेळेला डेअरीला जायचं, आणि घरच्या पोराला घोटभर नाही. मग डाळ वातूळ म्हणून गेली. केळं थंड म्हणून गेलं. शेंगदाण्याचं कूट घशाला लागतं म्हणून तेही गेलं. अंगणवाडीची क्रांती अंडं घेऊन आली, तर "आमच्यात चालत न्हाय". ती केळी घेऊन आली, तर "थंड पडंल". शेवटी उरली तांदळाची पातळ पेज, साबुदाण्याची खळ आणि कोऱ्या चहात बुडवलेलं बिस्कीट. पोट सांभाळायचं, बास. एकेक घास असा मायेनं काढून घेतला तिनं, आणि स्वतः रात्रभर त्याच्या उशाशी जागत बसली. अशा बाईला काय म्हणायचं? शिवी द्यावी तर जीभ रेटत नाही.

थंडीभर पोरगं वाळत गेलं. बरगड्या दिसायला लागल्या तशी रत्नव्वा नवस बोलली, कपाळाला विभूती लावली, गुरुवार सोमवार सगळं केलं. आणि थंडी सरता सरता एका सकाळी तिला अमरेशचे गाल भरल्यासारखे वाटले. दोन-तीन दिवसांत चेहरा गोल झाला, हातापायांना मऊपणा आला. "बाळसं धरलं गं बाई माझ्या सोन्यानं!" तिनं म्हशींना सांगितलं, कारण माणसांना सांगायची सोय नव्हती. कुणाची दृष्ट लागली म्हणजे?

त्याच आठवड्यात क्रांती वजनकाटा घेऊन दारात उभी राहिली.

"आज्जी, अमरेशचं वजन करायचं राहतंय कधीपासनं."

"न्हाय करायचं. काट्याला टांगलं की पोर वाळतं."

"अवो, गावातल्या सगळ्या पोरांचं करतो आपण."

"मग त्यांची वाळू देत. माझं कशाला?" असं म्हणून रत्नव्वानं दार लावून घेतलं. क्रांती काटा उचलून पुढच्या घराकडं गेली.

संध्याकाळी सुष्मिताचा व्हिडिओ कॉल आला. पोराचा चेहरा बघून तिकडं माहेरची सगळी माणसं गोळा झाली. किती गुटगुटीत झालाय, आजीच्या हाताला गुण हाय, असं कौतुक चाललं. रत्नव्वा फुलून गेली. सुष्मिता मात्र फोन डोळ्यांजवळ घेऊन बघत राहिली.

"अत्ती, ह्यो हसंना का वं? मला बघून बी हसंना."

"झोप आलीया त्याला."

"आत्ता? दिवेलागणीला?"

"आगं, पोर हाय. आली झोप." रत्नव्वानं फोन ठेवला. पण ते वाक्य तिच्या डोक्यातनं जाईना. खरंच, हसलं कधी होतं हे पोर शेवटचं? आठवेना. हसणं राहू द्या, रडलं कधी होतं? ते नुसतं ठेवलं तिथं बसून राहायचं, जमिनीकडं बघत. मांजर पुढनं गेलं तरी मान वळवायचं नाही. केस विरळ आणि तांबूस झाले होते. ते आजोबाच्या वळणावर गेलेत म्हणून ती सांगायची, पण आजोबाचे केस मरेपर्यंत काळेभोर होते हे तिला माहीत होतं. मांडीवरची कातडी काळी पडून पापुद्रे निघत होते. 

दुसऱ्या दिवशी ती पोराला उन्हाला घेऊन पायरीवर बसली होती. शेजारची धोंडुबाई शेण टाकून परत निघाली होती, ती थांबली. धोंडुबाई म्हणजे तोंडाची फटकळ. मनात आलं की ते बाहेर आलंच.

"रत्नव्वा, पोर सुजल्यागत दिसतंय की गं."

झालं! रत्नव्वानं असा काही आवाज चढवला की समोरच्या गल्लीतली माणसं बाहेर आली. "सुजू दे तुझं थोबाड! पोर बाळसं धरतंय ते बघवंना व्हय तुला? काळं डोळं लावून बसती माझ्या दाराकडं!" धोंडुबाईनं शेणाची रिकामी पाटी काखेला लावली. "मी काय वाईट बोलली काय?" एवढं पुटपुटून घरात गेली. तीस वर्षांचा शेजार, पण त्या दिवशी सगळं तुटलं.

रत्नव्वानं लगेच मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका उठला नाही. अजिबात उठला नाही. म्हणजे दृष्ट किती जबर! ती चुलीपुढं बसून घामाघूम झाली. परत मिरच्या टाकल्या, परत तसंच. त्या दिवसापासून पोराला दार-खिडकी लावून आत ठेवलं. अमरेश पेजेकडं तोंड वळवायला लागला. चमचा ओठाला लावला की तो मान फिरवायचा आणि मांजरीच्या पिल्लासारखं बारीक कण्हायचा. ती अंधाऱ्या खोलीत त्याला मांडीवर घेऊन हलत राहायची आणि कोपऱ्यात कुणी उभं आहे का ते बघायची. शिवकुमार एकदा म्हणाला, "अव्वा, डॉक्टरकडं दाखवूया काय?" तर म्हणाली, "बाहेर काढला की आणखी नजरा लागतील. जरा दम धर." तो कामाला गेला.

आणि मग वाळ्यांचं निघालं. पायातले चांदीचे वाळे अमरेशला रुतायला लागले होते. पोर भरलंय, आता मोठे वाळे करायला मुरगूडच्या सोनाराकडं टाकू, असं मनाला समजावत ती दुपारी त्याला घेऊन मोरीत बसली. साबण लावला, फिरवून फिरवून एक वाळा काढला. पोर रडलं नाही. एवढी ओढाताण करून रडलं नाही.

वाळ्याखाली खोल खोबण पडली होती. रत्नव्वानं ती पुसायला अंगठा फिरवला. खोबण तशीच. मग तिनं घोट्याच्या वर, जिथं वाळा लागला नव्हता तिथं, अंगठा दाबून उचलला. तिथंही खड्डा पडला आणि भाकरीच्या पिठात बोट रुतवावं तसा राहिला, भरून येईना.

हा खड्डा तिनं पूर्वी बघितला होता. माणसाच्या अंगावर नाही, जनावराच्या. तिच्या एका रेडीच्या जबड्याखाली अशीच पिशवी लोंबायला लागली होती, दाबली की बोटाचा ठसा राहायचा. जनावर राखणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, गळ्याखाली असं पाणी उतरलं की जनावर भरलं म्हणून कुणी पेढे वाटत नाही. आत काही उरलेलं नसतं, म्हणून पाणी उतरतं. त्या रेडीनं नंतर मान टाकली ती उचलली नाही.

"आई गं!" रत्नव्वा मोरीतनं ओरडली. ओल्या पोराला तसंच छातीशी धरून ती धावत सुटली, आणि पाय गेले ते थेट धोंडुबाईच्या दारात.

"धोंडे, पाणी उतरलंय गं! माझ्या पोराच्या अंगात पाणी उतरलंय!"

धोंडुबाई टाकून एक शब्दही बोलली नाही. पोराला बघितलं, घोंगडं आणलं, गुंडाळलं आणि आपल्या नातवाला क्रांतीकडं पिटाळलं. क्रांती आली, तिनं दंडाला गुंडाळायची रंगीत पट्टी काढली. पट्टी पार लाल, धोक्याच्या पट्ट्यावर थांबली. दंड म्हणजे कसला, बोटाएवढा. सूज पायात आणि तोंडात होती, दंडात काहीच नव्हतं.

"आज्जी, आत्ताच्या आत्ता कोल्हापूर. मोठ्या सरकारी दवाखान्यात. वाटेत अंग गार पडू द्यायचं नाही. उराशी धरा, आणि साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं घालत राहा."

अँब्युलन्स दुसऱ्या गावाला गेलेली. डेअरीचा टेम्पो दूध घेऊन निघाला होता, टेम्पोवाल्या पिराजीनं तोच वळवून आणला. पुढं दोघी बायका बसल्या, मागं कॅन खणखणत होते. रत्नव्वानं चोळीच्या आत पोराला धरलं होतं. त्याचं अंग तिच्या अंगाला गार लागत होतं. धोंडुबाई चमचा ओठाला लावायची, अर्धं पाणी बाहेर यायचं.

"गिळलं काय गं?"

"गिळलं बघ. हलला घसा."

"खरंच हलला?"

"अगं व्हय की."

"आता श्वास घेतोय न्हवं?"

"घेतोय. तू गप बस, मला बघू दे."

पंचतारांकितचा फाटा आला. आत कुठंतरी शिवकुमार मशीनवर उभा होता, फोन लॉकरमध्ये. सांगायचं काय त्याला? सुष्मिताला काय सांगायचं? रत्नव्वाला एकदम कळलं की आपल्याला पोर मरायची भीती जेवढी वाटतेय, तेवढीच ह्या प्रश्नाचीही वाटतेय. तिला स्वतःची शिसारी आली. पण भीती गेली नाही.

दवाखान्यात अनुजा नावाची तरुण डॉक्टरीण होती. तिनं पोराला ऊबेत ठेवलं, सुई लावली, रक्त घेतलं, आणि हात धुता धुता विचारलं, "आजी, बाळ घरी काय खातं?"

"सगळं खातंय." रत्नव्वाच्या तोंडातनं निघून गेलं. "दूध, भात, तूप. आमच्या घरात म्हशी हायत."

धोंडुबाईनं तिच्याकडं बघितलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

"मी भांडायला विचारत नाही आजी. खरं सांगितलं तर बरं होईल."

"खरंच सांगितलं की."

डॉक्टरणीनं वाद घातला नाही. खाटेवर टेकून ती सावकाश बोलली. "नीट ऐका. ह्याला खायला कमी पडलंय, त्यानं ही सूज आलीय. आता आम्ही एकदम पोटभर देणार नाही, झेपायचं नाही त्याला. थोडं थोडं, ठरलेल्या वेळेला वाटीनं. सूज उतरली की बाळ आणखी बारीक दिसेल, हाडं दिसतील. तेव्हा घाबरायचं नाही. लोक घाबरून घरी नेतात, आणि घरी बाळ जातं. कळलं?"

कळलं, असं रत्नव्वा म्हणाली. कळणं वेगळं आणि बघणं वेगळं. दिवसागणिक सूज उतरत गेली. आधी डोळ्यांखालची, मग गालांची, मग पायांची. गोल चेहऱ्याच्या आतनं एक म्हातारा चेहरा बाहेर आला. खांद्याचे खुंट, बरगड्या, सुरकुतलेलं कुल्ल्याचं कातडं. काट्यावर आकडा खाली यायचा आणि नर्स म्हणायची, चांगलं आहे. आकडा खाली येतो आणि चांगलं कसं? रत्नव्वाला वाटायचं, ह्या लोकांनी आपलं पोर काढून घेऊन दुसरंच हाडकुळं पोर खाटेवर ठेवलंय.

शेजारच्या खाटेवर ऊसतोडणीला आलेल्या एका जोडप्याची मुलगी होती. तिची आई मराठवाड्याकडची, रत्नव्वाशी थोडंफार बोलायची. एका सकाळी रत्नव्वा तोंड धुऊन आली तर ती खाट रिकामी. मुलगी नव्हती, आणि तिची आई खाली बसून झबल्याची घडी घालत होती. ती घडी घालायची, उलगडायची, परत घालायची. रत्नव्वाला तिच्याजवळ जायचा धीर झाला नाही. तिच्या डोक्यात एकच चाललं होतं. इथं पोरं मरतात. इथनं निघायचं.

धोंडुबाई म्हशींचं बघायला गावाकडं गेलेली. दुपारी नर्सची पाळी बदलत होती तेवढ्यात रत्नव्वानं अमरेशला शालीत गुंडाळलं, पिशवी काखेत मारली आणि वॉर्डातनं बाहेर पडली. कुणी हटकलं नाही. जिना अर्धा उतरली आणि समोरनं सुष्मिता वर येताना दिसली. एक हात कठड्याला, एक पोटाला. मागं शिवकुमार. त्यानं शेवटी बायकोला कळवलं होतं, आणि ती अवघडलेल्या अंगानं एसटीनं कोल्हापुरात येऊन पोहोचली होती.

सुष्मितानं शालीतल्या तोंडाकडं बघितलं.

"अत्ती, ह्ये कुणाचं पोर? अमरेश कुटं हाय?"

 सुष्मितानं शाल बाजूला केली. कानामागचा तीळ बघितला आणि ती जिन्यातच मटकन खाली बसली. मग तिला आवाज फुटला.

"काय केलं ओ ह्यांनी? फोनवर कसा गोलमटोल दिसत व्हता! चार दिसांत वाळवून टाकला माझा ल्योक! न्या आत्ताच्या आत्ता घरी. मरंल इथं त्यो."

"गाडी आणतो," शिवकुमार वळला. "अव्वा, बरं केलंस बाहेर काढलंस ते."

बास, एवढंच. आता रत्नव्वानं फक्त गप्प राहायचं होतं. सगळा दोष दवाखान्याच्या माथी गेला असता. पेज, साबुदाणा, तोडलेलं दूध, कुणी विचारलं नसतं. पुढचं पोरही तिच्याच मांडीवर वाढलं असतं. ती गप्प राहिली. एक पायरी खाली उतरलीही.

तेवढ्यात शालीत वळवळ झाली. अमरेशनं मूठ तोंडात घातली, चोखली, बाहेर काढली, आणि रडायला लागला. कण्हणं नव्हे. तोंड उघडून, हक्कानं, चिडून. त्याची वाटीची वेळ टळत होती. सुष्मिताला वाटलं दुखतंय, शिवकुमारला वाटलं माणसं बघून भ्यालं. रत्नव्वानं आयुष्यभर उपाशी वासरांचं हंबरणं ऐकलं होतं. हे पोर खायला मागतंय, हे तिला एकटीलाच कळलं. कित्येक आठवड्यांत त्यानं मागितलं नव्हतं.

"शिवकुमार, थांब." ती उतरलेली पायरी परत वर चढली. "सुष्मिता, त्यो गोलमटोल न्हवता गं. सुजला व्हता. इथल्यांनी न्हाय वाळवला त्याला. माझ्या हातात वाळला. तुझं दूध मी तोडलं, म्हशीचं तोडलं, डाळ तोडली. नुसत्या पेजेच्या पाण्यावर ठेवला मी त्याला. डॉक्टरणीला बी खोटं सांगितलं."

सुष्मितानं शाल पोराच्या अंगावर परत ओढली.

"आता पळवून न्यायला लागली व्हती ती बी मीच. वर ने त्याला. भूक लागलीया त्याला. घरी नेलास तर मरंल."

सुष्मितानं कठडा धरून स्वतःला उठवलं. पोराला तिच्या हातातनं काढून घेतलं.

"ह्याच्या अंगाला हात लावायचा न्हाय तुम्ही," ती म्हणाली. "आणि पोटातल्याच्या बी न्हाय."

"बरं," रत्नव्वा म्हणाली.

ती दोघं वर गेली. रत्नव्वा पायरीवर बसली. माणसं तिला ओलांडून जात-येत होती. वरच्या मजल्यावरनं अमरेशचं रडणं ऐकू येत होतं, आणि ती कान लावून ते ऐकत होती. रडतोय तोवर आहे. मग ते रडणं मध्येच थांबलं. वाटी लागली असंल तोंडाला, ती स्वतःशी म्हणाली. वाटीच असंल. पण उठून वर जाऊन बघायची तिची काही छाती झाली नाही.